निळा दोर

इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. पण ज्या गावांची नावे फळ्यावर लिहिली, त्यांतली फारच थोडी डोळ्यांनी पाहिली. जपानातले नारा तर पाठ्यपुस्तकातही नव्हते. तिथे आपण सहकुटुंब जाऊन उभे राहू, असे कधी स्वप्नातही आले नव्हते.

धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी ओसाकाला गेला. दरवर्षी तो ‘या’ म्हणायचा आणि दरवर्षी आम्ही ‘येऊ’ म्हणायचो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी मात्र आईनेच विषय काढला. “एकदा त्याचं घर बघून येऊ या,” ती म्हणाली. आईचे वय चौऱ्याहत्तर. गुडघे तक्रार करतात. पण एकदा मनात घेतले की ती कोणाचे ऐकणारी नव्हे.

तिच्या ह्या बोलण्यामागे काय होते, ते घरात सर्वांना ठाऊक होते. २०२० साली अण्णा गेले. करोनामुळे विमाने बंद होती. भावाने वडिलांचे अंत्यदर्शन फोनच्या काचेतून घेतले. त्यात त्याचा काही दोष नव्हता. आईला ते कळत होते, पण वळत नव्हते. त्यानंतर तिचे त्याच्याशी बोलणे म्हणजे ‘जेवलास का, थंडी आहे का’ एवढेच. आणि आम्ही ओसाकाला पोहोचल्यावर दुसऱ्याच रात्री भाऊ सांगून बसला की, तो तिथेच घर विकत घेतो आहे. आई “बरं” म्हणाली आणि जपाची माळ घेऊन बसली. त्या “बरं”नंतर घरात बसून राहणे कोणालाच नको होते. सकाळी उठून आम्ही सात माणसे नाऱ्याला निघालो.

ओसाकाच्या नांबा स्थानकापासून नारा आगगाडीने सुमारे चाळीस मिनिटे. पुतण्या आजीशेजारी बसला होता. तो तिथल्या शाळेत पहिलीत आहे. मराठी बोलतो, पण अडखळत. आजीने विचारले, “शाळेत काय शिकवतात रे?” तो ताठ बसला आणि म्हणू लागला, “आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को.” आईचे डोळे विस्फारले. “अगंबाई, ही तर आपली बाराखडी!” म्हणून तीही सुरू झाली, “का, की, कू, के, को.” समोर बसलेल्या जपानी बाई वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकू लागल्या.

आईचे म्हणणे खोटे नव्हते. जपानी वर्णमालेचा क्रम आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा जातो. ‘सा’च्या जागी आपला ‘च’ ठेवा आणि ‘हा’च्या जागी ‘प’ ठेवा, कारण त्या काळी तो उच्चार ‘प’च्या जवळचा होता; मग क, च, त, प हा आपल्याच वर्गांचा क्रम झाला! बौद्ध मठांतून भिक्षू संस्कृत वर्णमाला आणि सिद्धम् नावाची भारतीय लिपी शिकत. त्या अभ्यासातूनच जपानी अक्षरांना ही शिस्त लागली. पहिलीतल्या पोराच्या तोंडी पाणिनीच्या देशाची शिस्त ऐकून माझ्यातला मास्तर सुखावला.

एवढ्यात गाडी एका विस्तीर्ण माळरानातून जाऊ लागली आणि उजव्या हाताला तांबड्या खांबांचे एक प्रचंड महाद्वार दिसले. भाऊ म्हणाला, “दादा, आपण आत्ता राजवाड्यातून चाललोय.” ही थट्टा नव्हती. ७१० साली इथे हेइजो-क्यो नावाने जपानची राजधानी वसली आणि ७८४ पर्यंत नांदली. चीनच्या चांगआन नगरीचा नमुना समोर ठेवून, बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनात रस्ते आखून ती उभारली होती. राजधानी हलल्यावर वाड्याची जागा भातखाचरांखाली गेली आणि पुढे त्यावरून लोहमार्गही गेला. तांबडे महाद्वार १९९८ साली पुन्हा बांधलेले आहे.

ह्या मातीतून १९६१ पासून लाकडाच्या लिहिलेल्या पट्ट्या निघू लागल्या. कागद महाग, म्हणून कारकून पट्ट्यांवर लिहीत. कुठल्या प्रांतातून किती मीठ आले, किती समुद्रशेवाळ आले, याच्या चिठ्ठ्या त्यांत आहेत. लिहिण्याचा सराव करताना एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवलेल्या पट्ट्याही आहेत. काम झाले की वरचा थर चाकूने तासायचा आणि पुन्हा लिहायचे. आमची पाटी पुसायला ओले फडके पुरे, त्यांना चाकू लागे, इतकाच फरक.

नारा स्थानकाबाहेर कारंज्यात एका भिक्षूचा पुतळा उभा आहे. त्याचे नाव ग्योकी. हा खेड्यापाड्यांतून हिंडून लोकांना धर्म सांगे आणि त्यांच्याच हातांनी पूल, तळी, बंधारे बांधून घेई. लोक त्याच्यामागे हजारोंनी जमू लागले, तेव्हा दरबाराला भीती वाटली, आणि ७१७ साली त्याच्यावर राजाज्ञेने ठपका आला. पुढे त्याच दरबाराला त्याच्याच दारात जावे लागले. ते का, हे कळल्याशिवाय नाऱ्याचा महाबुद्ध कळत नाही.

स्थानकापासून तोदाई-जी मंदिरापर्यंतचा रस्ता हरणांचा आहे. कासुगा देवस्थानचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे. म्हणून ही हजारावर हरणे गावात मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी कोंड्याच्या पापडासारखी बिस्किटे विकायला असतात. ती दाखवली की हरीण मान लववून नमस्कार करते. आमच्या कन्येने नमस्काराला उत्तर म्हणून नमस्कार करण्यात वेळ घालवला आणि एका पाडसाने तिच्या हातचा नकाशा खाल्ला. आई म्हणाली, “सीतेनं ही हरणं आधी पाहिली असती, तर रामायण झालं नसतं.”

मग ते मंदिर आले. लाकडाचे एवढे मोठे घर मी कधी पाहिले नव्हते. रुंदी ५७ मीटर, उंची त्याहून थोडीच कमी. आत काशाचा महाबुद्ध बसलेला आहे, सुमारे १५ मीटर उंच. त्याचे जपानी नाव बिरुशाना, म्हणजे आपला वैरोचन, सूर्यासारखा प्रकाशणारा. त्या घरात शिरल्यावर आमची बडबड आपोआप थांबली.

हा बुद्ध दुःखातून उभा राहिला आहे. सम्राट शोमू गादीवर आला आणि चारच वर्षांत, ७२८ साली, त्याचा तान्हा युवराज दगावला. त्या बाळासाठी डोंगरउतारावर एक लहानसे मंदिर बांधले. तोदाई-जीचे मूळ तेच. मग ७३५ साली दक्षिणेच्या क्यूशू बेटावरून देवीची साथ आली आणि ७३७ पर्यंत तिने देश धुऊन काढला. लोकसंख्येचा चौथा ते तिसरा हिस्सा मेला असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. राज्य चालवणारे फुजिवारा घराण्यातले चार भाऊ एकाच वर्षात गेले. पाठोपाठ ७४० साली त्याच घराण्यातल्या एकाने बंड केले. सम्राटाचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. पाच वर्षे तो एका जागेवरून दुसऱ्या जागी राजधानी हलवीत राहिला आणि ७४५ साली पुन्हा नाऱ्याला परतला.

ह्या भटकंतीतच, ७४३ साली, त्याने महाबुद्धाची आज्ञा काढली. तिचा मथितार्थ असा: राज्याची संपत्ती माझी आहे, सत्ता माझी आहे, त्या बळावर मूर्ती करणे सोपे आहे, पण तिच्यात मन येणार नाही. म्हणून कोणी गवताची काडी किंवा मूठभर माती घेऊन आला तरी त्याला हातभार लावू द्या. आणि अधिकाऱ्यांनी ह्या निमित्ताने रयतेला छळू नये. आता रयतेपर्यंत पोहोचायचे कसे? तिचा विश्वास होता ग्योकीवर. ज्याच्यावर ठपका ठेवला, त्यालाच दरबाराने वर्गणी गोळा करायला विनवले आणि ७४५ साली भिक्षुसंघाचे सर्वोच्च पद दिले. मूर्तीचे ओतकाम ७४७ ते ७४९ असे तीन वर्षे, खालून वर आठ टप्प्यांत चालले. तांबे सुमारे ५०० टन लागले. मुलाम्याला सोने कुठून आणायचे ही चिंता होती, तोच ७४९ साली ईशान्येच्या मुत्सू प्रांतात सोने सापडले. त्याच वर्षी ग्योकी वारला. पूर्ण झालेली मूर्ती त्याने पाहिली नाही.

पण सगळे गोड सांगितले तर इतिहास होत नाही. सोने पाऱ्यात कालवून मूर्तीला फासत आणि विस्तवाने पारा उडवून लावत. ती वाफ विषारी असते. जुन्या नोंदीत काम करणाऱ्यांची आणि देणाऱ्यांची बेरीज २६ लाखांवर दिली आहे. तीत एकच माणूस अनेकदा मोजला असणार, तरी आकडा छाती दडपवणारा आहे. ७५७ साली कटाच्या आरोपावरून पकडलेल्या ताचिबाना नो नारामारो ह्या सरदाराने जबानीत सांगितले की, तोदाई-जीच्या बांधकामाने लोक हवालदिल झाले आहेत. राजाने छळू नका म्हटले, म्हणून छळ होत नाही असे थोडेच आहे?

मूर्ती झाली, आता तिचे डोळे उघडायचे होते. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेत नेत्रोन्मीलन करतात, तोच हा विधी. मी हे सांगत होतो तेव्हा आई मूर्तीकडे टक लावून पाहत होती. तिने विचारले, “कोणी उघडले डोळे?”

“आपल्याकडच्या माणसाने,” मी म्हणालो.

त्याचे नाव बोधिसेन. दक्षिण भारतातला, भारद्वाज गोत्री ब्राह्मण. बौद्ध होऊन तो मंजुश्रीच्या दर्शनाला चीनमधल्या वुताई पर्वतावर गेला. तिथून जपानी वकिलातीच्या जहाजावर चढला. चार जहाजांचा तो तांडा परतताना वादळात फुटला. एक जहाज पार दक्षिणसमुद्राकडे वाहवत गेले. बोधिसेनाचे जहाज ७३६ साली क्यूशूला लागले. बरोबर चंपा देशातला, म्हणजे आजच्या व्हिएतनामातला, एक भिक्षू होता. त्याने आणलेले नृत्यसंगीत जपानी दरबारात रुजले. ज्या समुद्रवाटेने साथ आली, त्याच वाटेने, साथ चालू असतानाच, हेही आले. नानिवा बंदरात, म्हणजे आताच्या ओसाकात, त्याला सामोरा गेला तो वृद्ध ग्योकी. पुढे बोधिसेन नाऱ्याच्या दाइआन-जी मठात राहिला आणि तिथे संस्कृत शिकवीत असे. हे ऐकून आईने पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

७५२ सालच्या चौथ्या महिन्याची नववी तिथी ठरली. शोमूने तोवर राज्य मुलीच्या हाती दिले होते, आणि तो आजारी होता. त्याच्या जागी बोधिसेन मूर्तीसमोर उभा राहिला. दहा हजार भिक्षू जमले होते, अशी नोंद आहे. त्याने हातभराहून लांब कुंचला शाईत बुडवून बुद्धाची बुबुळे रेखली. त्या कुंचल्याला निळ्या रेशमाचा एक दोर बांधला होता, सुमारे २०० मीटर लांब. तो खाली जमलेल्यांनी हातात धरला होता. कुंचला हलला की दोर हलायचा. म्हणजे दोर धरणाऱ्या प्रत्येकाने डोळे उघडल्याचे पुण्य घेतले.

वर्गात मी ही गोष्ट सांगेन तेव्हा एखादे चौकस पोर विचारील, की गुरुजी, तांबे वाहणाऱ्यांच्या हाती तो दोर आला होता का? मला सांगावे लागेल की, बाळा, दोर दोनशे मीटरच होता. देश त्याहून मोठा होता. तरी एका परक्या माणसाच्या हाताला बांधलेले टोक सर्वांनी धरायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माणसाचे मन कळत होते.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. बोधिसेनाने उघडलेले ते डोळे आज नाहीत. ११८० सालच्या यादवी युद्धात ताइरा नो शिगेहिराच्या सैन्याने लावलेल्या आगीत मंदिर जळाले आणि मूर्तीचे मस्तक वितळून पडले. लोकांनी पुन्हा वर्गणी केली, मूर्ती पुन्हा ओतली. १५६७ साली पुन्हा लढाई, पुन्हा आग, पुन्हा मस्तक खाली. तात्पुरते छप्पर घातले तेही १६१० साली वादळाने नेले, आणि महाबुद्ध पुढे कित्येक दशके उन्हापावसात उघडा बसून राहिला. कोकेई नावाच्या भिक्षूने १६८४ पासून दारोदार झोळी फिरवली, तेव्हा कुठे १६९२ साली नव्या मस्तकाचे डोळे उघडले, आणि १७०९ साली आजचे मंदिर उभे राहिले. तेही मूळच्यापेक्षा अरुंद. बोधिसेनाच्या काळचा भाग आता खालच्या कमलासनात आणि मांडीपाशी थोडाफार उरला आहे.

तांबे वितळले, पण तो रेशमी दोर आणि तो कुंचला मात्र शिल्लक आहे! मंदिरामागे शोसो-इन नावाचे एक लाकडी कोठार आहे. ७५६ साली शोमू वारला, तेव्हा एकोणपन्नासाव्या दिवशी सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या सहाशेहून अधिक आवडत्या वस्तू महाबुद्धाला वाहिल्या; त्या ह्या कोठारात ठेवल्या. त्यांत अन्यत्र कुठेच न उरलेली एक पाचतारी वीणाही आहे. ह्या घाटाचे मूळ भारतातले मानतात. पुढे भर पडत सुमारे नऊ हजार वस्तू झाल्या. कोठाराला सम्राटाची मोहोर असे; त्याच्या परवानगीवाचून कोणी कुलूप उघडू शकत नसे. ११८५ साली नवे डोळे उघडायचे होते, तेव्हा निवृत्त सम्राट गो-शिराकावाने हाच बोधिसेनाचा कुंचला मागवून घेतला आणि स्वतः पाडावर चढून बुबुळे रेखली. चारशे तेहतीस वर्षांनी तोच कुंचला!

हा सारा खजिना आता शेजारच्या नव्या पक्क्या इमारतींत हलवला आहे. दर शरद ऋतूत त्यातल्या थोड्या वस्तू नाऱ्याच्या संग्रहालयात मांडतात. आम्ही नेमके त्याच दिवसांत गेलो होतो. पण तिकिटे आधी काढावी लागतात, हे मी वाचायचे विसरलो. इतिहासाच्या मास्तराकडून अशी चूक व्हावी, याबद्दल आमच्या सौभाग्यवतींनी जे म्हणायचे ते म्हटले. शेवटी कुंपणाबाहेरून आम्ही ते जुने कोठार तेवढे पाहिले. तिकोनी ओंडके एकावर एक रचून केलेल्या भिंती, माणसाच्या डोक्याहून उंच खांबांवर टेकलेली जमीन. दोर काही दिसला नाही.

आई बराच वेळ कुंपणाला धरून उभी होती. “इतकं जळलं,” ती म्हणाली, “आणि दोर राहिला.”

उतरत्या उन्हात आम्ही टेकडीवरच्या निगात्सु-दो मंदिरात गेलो. इथे ७५२ पासून दर वर्षी एक व्रत होते. मार्चमध्ये चौदा रात्री सज्ज्यातून मोठमोठे पलिते धावत नेतात आणि खाली लोक ठिणग्या अंगावर घ्यायला उभे राहतात. खाली दोन वेळा महाबुद्ध जळाला, तरी हे व्रत एकदाही खंडले नाही. त्या सज्ज्यातून सबंध नारा दिसते, कारण मंदिराचे तोंड पश्चिमेला आहे. दूरच्या डोंगरांमागे सूर्य बुडत होता.

आईने विचारले, “तो आपला बोधिसेन परत गेला का रे?”

“नाही,” मी म्हणालो. “चोवीस वर्षे इथेच राहिला. ७६० साली इथेच वारला. त्याच्या शिष्याने लिहून ठेवलंय, की शेवटी तो पश्चिमेकडे तोंड करून, हात जोडून बसला आणि तसाच गेला.” अमिताभ बुद्धाचा स्वर्ग पश्चिमेला मानतात म्हणून, असे मी पुढे सांगणार होतो, पण सांगितले नाही.

“इथून आपलं घर कुठल्या दिशेला?” तिने भावाला विचारले.

त्याने मावळत्या सूर्याकडे बोट दाखवले. आईने पदर सावरला आणि तिकडे हात जोडले. अण्णांना जोडले, की घरच्या देवांना, की त्या चोवीस वर्षे न परतलेल्या भारद्वाज गोत्री माणसाला, हे तिने सांगितले नाही. मग भावाकडे न पाहताच म्हणाली, “नव्या घरात देव्हारा पश्चिमेच्या भिंतीला ठेव. हात जोडशील तेव्हा तोंड आमच्याकडे होईल.”

भाऊ काही बोलला नाही. त्याने आईच्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने तिला आधार दिला, आणि आम्ही पायऱ्या उतरू लागलो.